ताटीच्या अलीकडे

गेल्या वर्षी कार्तिकात आमच्या खडवलीच्या घरात एका खोलीचं दार दीड दिवस आतून बंद होतं. आत माझं धाकटं चुलत भावंड, वय एकोणीस. बाहेर सगळं घर. काका दारावर थापा मारून थकले होते, काकू रडून थकली होती आणि माझे बाबा आवाज बाहेर जाऊ नये म्हणून भर दुपारी खिडक्या लावून घेत होते. ठाण्याहून हाफ डे टाकून, कसारा लोकलची वाट बघत बघत मी पोहोचले तेव्हा आजी त्या दाराला पाठ टेकून जमिनीवर बसली होती. पुढ्यात सूप, सुपात लसूण. सोलता सोलता ती दाराशी बोलत होती. कापणीला माणसं मिळत नाहीत, भातसेचं पाणी उतरलं, वासिंदच्या आत्याचा गुडघा पुन्हा धरलाय. ज्या कारणानं दार बंद झालं होतं त्याबद्दल मात्र एक अक्षर नाही.

'भावंड' हा शब्द मी जपून वापरतेय. आदल्या रात्री मला व्हॉट्सॲपवर त्याचा लांबलचक मेसेज आला होता. त्याचा सारांश असा की, घरचे मला मुलगा म्हणतात, पण मी मुलगा नाहीये असं मला कळायला लागल्यापासून वाटतंय. मुलगी आहे का, तेही ठामपणे सांगता येत नाही. आज घरात बोललो आणि सगळं बिघडलं. त्या 'बोललो'च्या जागी आधी 'बोलले' लिहून खोडलं होतं, हे त्यानंच नंतर सांगितलं. मराठीची ही एक अडचण आहे. 'मी आलो' की 'मी आले' हे ठरवल्याशिवाय आपल्या भाषेत माणसाला स्वतःच्या घरातसुद्धा येता येत नाही. पण त्याच भाषेत भावंड, लेकरू, मूल, पोर हे शब्दही आहेत, आणि ते सगळे नपुसकलिंगी आहेत. आजी त्याला जन्मापासून 'पोर'च म्हणत आली. पोर जेवलं का, पोर कुठं गेलं. शाळेत व्याकरणाच्या तासाला हा प्रकार मला उगाचच वाटायचा.

मी आजीला हळूच विचारलं, "काय विचारलंस त्याला?"

"विचारायचं काय? ते सांगंल तवा ऐकायला कोणतरी हितं पायजे ना."

मी इतिहास शिकलेली आहे, त्यामुळे घरात रडारड चालू असतानाही माझं डोकं जुन्या पुस्तकांत जातं. आजीला बघून मला मुक्ताबाई आठवली. कथा तुम्हाला माहीत असेल. कुणीतरी अपमान केला म्हणून ज्ञानेश्वरांनी झोपडीची ताटी लावून घेतली, आणि धाकटी बहीण बाहेर उभी राहून त्यांची समजूत घालत राहिली. ताटीचे म्हणून जे बेचाळीस अभंग परंपरेनं तिच्या नावावर आहेत, ते म्हणजे बंद दाराच्या अलीकडून केलेलं बोलणं आहे. ताटी म्हणजे काही सागवानी दार नाही; कुडाची असते, ढकलली तर पडेल. तरी तिनं ती ढकलली नाही.

समुपदेशन हा शब्द आपल्याकडे बराच उशिरा आला. त्याआधी स्वतःच्या शरीराबद्दल, नवऱ्याबद्दल, बाईपणाबद्दल, पुरुषपणाबद्दल जे प्रश्न कुणालाच विचारता येत नाहीत, ते माणसं विचारत कुणाला होती? आमच्यासारख्या घरांत उत्तर सोपं होतं: देवळात, मठात, कीर्तनकाराला, गुरूला, अंगात येणाऱ्या बाईला. आमच्याही घरात त्या संध्याकाळी ठरलं ते हेच, की गुरुवारी महाराजांकडे जायचं. मी चिडले. पण मग वाटलं, चिडण्याआधी हा जुना हिशेब एकदा नीट मांडून बघावा. अशा ठिकाणी विचारायला गेलेल्या माणसांचं नेमकं काय झालं?

सर्वांत जुना पुरावा तेराव्या शतकातला आहे. 'लीळाचरित्र' हे नाव आपण आद्य मराठी गद्यग्रंथ म्हणून पाठ करतो आणि परीक्षा झाली की विसरतो. म्हाइंभटांनी चक्रधरस्वामींच्या आठवणी माणसा-माणसाकडून गोळा करून तो रचला. उघडून वाचला तर त्यातली कितीतरी पानं म्हणजे प्रश्नोत्तरं आहेत, आणि विचारणाऱ्यांत बायका भरपूर. महदाइसा त्यांतली सर्वांत चौकस. ती इतके प्रश्न विचारायची की पंथातल्या मोठ्यांनी तिची ही खोड कौतुकानं नोंदवून ठेवली आहे. विटाळाबद्दलची लीळा तर प्रसिद्धच आहे. पाळीचा स्राव म्हणजे नाकातून शेंबूड यावा तसा शरीराचा एक स्राव, त्यात अपवित्र असं काही नाही, अशा अर्थाचं उत्तर चक्रधरांनी दिलं. सातशे वर्षांपूर्वी. आजही आमच्या गल्लीत चार दिवस वेगळं बसणाऱ्या बायका आहेत, म्हणून त्या उत्तराचं वजन मला जास्त कळतं. दुसऱ्या एका प्रसंगी बायकांना कमी लेखणाऱ्या पुरुषाला त्यांनी विचारलं की, तुमचा तो जीव, आणि यांचा काय एवढासा जीव आहे का?

हे उत्तर देताना चक्रधरांनी त्या बाईला आधी काही सोडायला, बदलायला, शुद्ध व्हायला सांगितलं नाही. त्यांच्यामागून पंथ सांभाळणाऱ्या नागदेवाचार्यांनी विद्वान शिष्यांना संस्कृतऐवजी मराठीत लिहायला लावलं. कारण काय, तर संस्कृतात लिहिलंत तर पंथातल्या म्हाताऱ्या बायका वंचित होतील. म्हणजे ऐकणारीच्या भाषेत बोलायचं, एवढं भान त्यांना होतं. अर्थात हे सगळं घर सोडून आलेल्यांसाठी होतं. ज्यांना घर सोडायचं नव्हतं, चुलीपाशी राहूनच उत्तर हवं होतं, त्यांची गोष्ट वेगळी. ती बहिणाबाईची.

बहिणाबाई म्हटलं की मोबाइलवर आधी जळगावच्या बहिणाबाई चौधरी येतात. ही त्यांच्या अडीचशे वर्षं आधीची, शिऊरची बहिणाबाई, तुकारामांची शिष्या. जन्म १६२८ चा, वेरुळजवळच्या देवगावचा. तिनं अभंगांतून स्वतःचं चरित्र सांगितलं आहे. बाईनं मराठीत स्वतःविषयी इतकं सलग आणि इतकं उघड बोलण्याचं त्या काळातलं दुसरं उदाहरण मला माहीत नाही. जस्टिन ॲबट यांनी १९२९ मध्ये त्याचं इंग्रजी भाषांतर प्रसिद्ध केलं, त्यामुळे जगभरच्या अभ्यासकांना ती माहीत आहे, आपल्याला कमी.

अगदी लहानपणी तिचं लग्न तिशीतल्या बिजवराशी लावून दिलं. पुढे भाऊबंदकीच्या भांडणातून आईवडील, नवरा आणि ही, सगळ्यांना गाव सोडावं लागलं. पंढरपूर, शिंगणापूर, रहिमतपूर असं भटकत कुटुंब कोल्हापूरला एका ब्राह्मणाच्या घरी टेकलं. बहिणा तेव्हा अकरा वर्षांची. तिथं नवऱ्याला दानात एक गाय मिळाली, तिला वासरू झालं, आणि त्या वासराला बहिणेचा लळा लागला. इतका की ती कीर्तनाला गेली तर वासरूही मागोमाग. एकदा वडगावच्या जयरामस्वामींच्या कीर्तनात ते शिरलं. गर्दी फार, लोकांनी वासराला बाहेर हाकललं, ते बाहेर हंबरायला लागलं आणि ही आत रडायला लागली. स्वामींनी वासराला आत घ्यायला सांगितलं. मग त्यांनी वासराच्या आणि तिच्या, दोघांच्या डोक्यावरून हात फिरवला.

बस, एवढंच झालं होतं. पण गावात गवगवा झाला, नवऱ्याच्या कानावर गेला. त्यानं भर रस्त्यात तिचे केस धरून तिला मारलं, घरी नेऊन बांधून ठेवलं. गाय-वासरानं चारा सोडला. लोक जमले. आणि मग जयरामस्वामी स्वतः त्या घरी आले.

त्यांनी तिथं जे केलं, ते माझ्या मते सतराव्या शतकातलं समुपदेशन आहे. ते बहिणेला उपदेश करायला आले नाहीत. बोलले ते नवऱ्याशी. ही आणि ही मुकी जनावरं मागच्या जन्मीची सोबती आहेत, हिचा योग अर्धवट राहिलेला आहे, हिला छळू नका, असा त्यांच्या बोलण्याचा रोख होता. आज आपल्याला पूर्वजन्माची भाषा पटणार नाही. पण त्या खोलीत ती भाषा काय काम करते ते बघा. मार खाल्लेल्या अकरा वर्षांच्या मुलीवर आलेला सगळा आळ ती एका वाक्यात उचलते. ही वेडी नाही, वाईट चालीची नाही, हिच्यात बाधा नाही. हिचं जे आहे ते जुनं आहे आणि तुम्हाला कळत नाही इतकंच. नवऱ्याची अडचण नुसती संतापाची नव्हतीच. लोक हिच्या पाया पडायला येतात, मग मला कोण विचारणार, ही त्याची खरी सल बहिणाबाईनंच नोंदवली आहे. स्वतःला मारणाऱ्याच्या मनात काय चाललंय हे इतक्या निवांतपणे लिहिणं सोपं नाही.

पुढे वासरू मेलं. बहिणा कित्येक दिवस शुद्धीत नव्हती, आणि त्या अवस्थेत तिला तुकाराम दिसले. त्यांनी मंत्र दिला. तुकाराम तेव्हा देहूत हयात होते, तिनं त्यांना कधी पाहिलं नव्हतं. शूद्र मानलेल्या माणसाला गुरू केलं म्हणून ब्राह्मण नवरा आणखीच खवळला. ती गरोदर असताना तो तिला टाकून निघून जायला निघाला. ऐन वेळी तो आजारी पडला, महिनाभर अंथरुणाला खिळला, तिनं रात्रंदिवस सेवा केली आणि तो वरमला. मग ते सगळे देहूला गेले.

इथं थांबून तिला मुक्तीची नायिका करायचा मोह होतो. सोशल मीडियावर तशी पोस्ट छान होईल. पण बहिणाबाई ते करू देत नाही. वेद आणि पुराणं एकमुखानं सांगतात की बाईच्या देहात हित नाही, मग मी परमार्थ साधू कसा, हा तिचा प्रश्न तिच्या अभंगांत धुमसत राहतो. देह पराधीन आहे ही तिची तक्रार कधी मिटत नाही. दुसरीकडे ती पतिव्रताधर्मावरही अभंग लिहिते, आणि तेही मनापासून. ती नवऱ्याला सोडत नाही, तुकारामांनाही सोडत नाही. ब्राह्मण कुणाला म्हणावं हा प्रश्न विचारणारं 'वज्रसूची' तिनं मराठीत आणलं, हेही तिचंच काम. १७०० साली, बहात्तराव्या वर्षी ती गेली, तेव्हा मुलाला जवळ बसवून मागचे बारा जन्म सांगून गेली. कोल्हापुरातल्या त्या खोलीत जयरामस्वामींनी तिला दिलेली मागच्या जन्माची किल्ली तिनं शेवटपर्यंत वापरली असं मला वाटतं. तिला त्यातून सुटका मिळाली नाही. जगण्यापुरती जागा मिळाली. ती पुरेशी होती का, याचं उत्तर माझ्याकडे दर वेळी वेगळं असतं.

गुरुवारी आम्ही महाराजांकडे गेलो. ठिकाण आणि नाव सांगत नाही. आमच्या घरापासून दीड तासावर आहे एवढं पुरे. भावंड यायला तयार झालं, कारण आजीनं त्याला सांगितलं होतं की नको वाटलं तर मधूनच उठून येऊ. रांगेत अडीच तास बसलो. आत मोजून चार मिनिटं. महाराजांनी त्याच्याकडे नीट बघितलंही नाही, सगळं काकांना विचारलं आणि काही विचारायच्या आधीच सांगितलं की बाहेरची बाधा आहे, बाईची आहे, पाच गुरुवार यावं लागेल, तिसऱ्या गुरुवारी पोराला एकट्याला रात्री ठेवावं लागेल. त्या 'रात्री'वर आजी उठली. म्हणाली, "चला, गाडी चुकंल."

जयरामस्वामी आणि हे महाराज, दोघांनीही आपल्याला न दिसणारं काहीतरी कारण म्हणून सांगितलं. एकानं ते सांगून मारणाऱ्याचा हात धरला, दुसऱ्यानं तेच सांगून मारायला मोकळीक दिली. परतीच्या गाडीत मी हाच विचार करत होते. आणि आठवले ते जोगते.

कोल्हापूर, सांगली, बेळगावकडच्या वाचकांना सांगायला नको. सौंदत्तीच्या यल्लमाला वाहिलेल्या बाईला जोगतीण म्हणतात, पुरुषाला जोगता. मुलग्याच्या केसांत जट आली, किंवा त्याची चाल, हात हलवण्याची ढब बायकी दिसली, की घरात कुजबुज सुरू व्हायची आणि शेवटी निदान ठरायचं: देवीनं धरलंय. मग गळ्यात दर्शन बांधायचं, लुगडं नेसवायचं, परडी द्यायची. राजन गवस यांच्या 'भंडारभोग'मध्ये हे जगणं आतून आलं आहे. त्यांच्याच कादंबऱ्यांवर 'जोगवा' हा सिनेमा २००९ मध्ये आला, तो बघितला नसेल तर बघा.

या रूढीकडे एका डोळ्यानं बघता येत नाही. ज्या पोराला लुगडं नेसायचंच होतं, ज्याला आरशात बाई दिसत होती, त्याला गावानं हाणूनच मारलं असतं. तिथं देवीच्या नावानं त्याला जागा मिळाली. कालपर्यंत ज्याची लाज वाटत होती, त्याच्या पायावर मंगळवारी-शुक्रवारी डोकं ठेवायची वेळ आली. घराला लाजेऐवजी धाक वाटायला लागला. पण त्याच्यासोबत शाळा गेली, धंदा गेला, लग्नसंसार गेला, उरला जोगवा मागणं. आणि ज्याच्या डोक्यात निव्वळ गुंता झाला होता, ज्याला तसं काही वाटतच नव्हतं, त्याच्याही अंगावर तेच लुगडं आलं. 'तुला काय वाटतं?' हा प्रश्न या सगळ्या विधीत कुठंच नाही. म्हणून अंधश्रद्धा निर्मूलनाचे कार्यकर्ते गावोगाव फिरून जटा कापतात, तेव्हा ते केसांपेक्षा बरंच काही मोकळं करत असतात. देवदासी प्रथेविरुद्धचा महाराष्ट्राचा नवा कायदा २००५ चा आहे. आणि भूत उतरवण्याच्या नावाखाली मारहाण करणं, कोंडणं हा गुन्हा ठरवणारा जादूटोणाविरोधी कायदा २०१३ चा. तो यायला नरेंद्र दाभोलकरांचा खून व्हावा लागला. काकांना मी हा कायदा मोबाइलवर दाखवला. "तू आता पोलिसांत देणार का बापाला?" एवढंच ते म्हणाले. त्या रात्री ते जेवले नाहीत.

डॉक्टरही फार शहाणे होते असं नाही. 'बरं' करण्याच्या नावाखाली शॉक, औषधं, लग्न असे उपाय सुचवणारे पदवीधर आपल्याकडे होते. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगानं असल्या धर्मांतरछाप उपचारांना व्यावसायिक गैरवर्तन ठरवलं ते २०२२ मध्ये, मद्रास उच्च न्यायालयानं कान उपटल्यानंतर.

मग विचारायचं कुणाला? महाराष्ट्रात एका माणसानं यासाठी चक्क पत्ता छापला होता. रघुनाथ धोंडो कर्वे. देव न मानणारा, तिरसट, एकांडा. १९२७ मध्ये त्यांनी 'समाजस्वास्थ्य' मासिक सुरू केलं आणि वाचकांच्या खासगी प्रश्नांना छापील उत्तरं द्यायला लागले. ते मरेपर्यंत, म्हणजे १९५३ पर्यंत मासिक चाललं. हस्तमैथुन, समलिंगी संबंध, ज्या गोष्टी माणूस वैद्यालाही सांगायचा नाही, त्या गोष्टी लोक त्यांना पोस्टानं विचारत. या उत्तरांवरूनच १९३४ मध्ये अश्लीलतेचा खटला झाला आणि त्यांच्या बाजूनं वकील म्हणून उभे राहिले डॉ. बाबासाहेब आंबेडकर. वाचक प्रश्न विचारतो आणि संपादक त्याला समजेल असं उत्तर देतो, यात अश्लील काय, हा त्यांच्या युक्तिवादाचा गाभा होता. हॅवलॉक एलिससारख्या अभ्यासकांचा आधार त्यांनी दिला. खटला हरले. कर्व्यांना दोनशे रुपये दंड झाला. कर्वे म्हणजे अध्यात्माच्या अगदी उलट टोक, हे खरंय. पण पत्र लिहिणाऱ्याला पापी न ठरवता आधी त्याचं पत्र पूर्ण वाचायचं, ही सवय मला त्यांच्यात आणि चक्रधरांत सारखीच दिसते.

भावंडाला मी कर्व्यांविषयी सांगितलं, आंबेडकरांविषयी सांगितलं. २०१४ च्या १५ एप्रिलचा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल सांगितला, ज्यानं तृतीयपंथी ही ओळख मान्य केली आणि आपण कोण हे ठरवण्याचा हक्क ज्याचा त्याला दिला. त्या लढ्यात आपल्या ठाण्याच्या लक्ष्मीनारायण त्रिपाठी होत्या, हेही. त्याला लक्ष्मी माहीत होत्या, रील्समधून. २०१५ मध्ये उभा राहिलेला किन्नर आखाडा, २०१६ च्या उज्जैनच्या सिंहस्थात निघालेली त्यांची मिरवणूक, सगळं त्यानं पाहिलेलं. ज्यांना लोकलच्या डब्यात लोक नजर चुकवून दहा रुपये देतात, त्यांच्या पाया पडायला तिथं रांगा लागल्या होत्या. मला त्यात जोगत्यांच्या गोष्टीचा पुढचा अंक दिसतो, फरक इतकाच की इथं माणसं स्वतः ठरवून आली. सगळ्यांना तो रस्ता पटला असंही नाही. या आखाड्याच्या राजकीय भूमिकेविरुद्ध अनेक पारलिंगी कार्यकर्त्यांनी २०१८ मध्ये जाहीर पत्रक काढलं होतं. मान मिळवायला भगवं नेसावं का लागावं, हा प्रश्न रास्त आहे. नुसतं माणूस म्हणून ती मिळायला नको का?

ते सगळं ऐकून भावंड म्हणालं, "ते कायद्याचं कळलं गं ताई. पण मला वेगळंच विचारायचंय."

ठाण्यात आम्ही एका समुपदेशक बाईंकडे जायला लागलो होतो. त्या चांगल्या आहेत. पहिल्या दिवशी पन्नास मिनिटांत त्या स्वतः पाच वाक्यं बोलल्या असतील. नाव काय आवडेल, इथपासून त्यांनी सुरुवात केली. पण भावंडाला जे विचारायचं होतं ते त्यांनाही विचारता येत नव्हतं. ते लहानपणापासून आजीसोबत एकादशीच्या भजनाला बसलेलं पोर आहे, टाळ वाजवतं, हरिपाठ पाठ आहे. त्याचा प्रश्न हा होता: विठोबाला मी चालेन का?

या प्रश्नाला कोर्ट उत्तर देऊ शकत नाही, डॉक्टर देऊ शकत नाही, कर्वे तर हसले असते. मीही देऊ शकत नव्हते. माझ्याकडे फक्त माहिती होती. वारकरी ज्ञानेश्वरांना 'माउली' म्हणतात, विठ्ठलाला विठाई म्हणतात, दाढीमिशीचे गडी एकमेकांच्या पाया पडताना 'माउली' म्हणतात. ज्ञानेश्वरांनी विरहिणी लिहिल्या, तुकारामांनी गौळणी, बाईच्या तोंडून. या परंपरेत पुरुषानं बाईचा आवाज घेणं कुणाला खटकत नाही. अर्थात दिंडीत 'माउली' म्हणणारा गडी घरी आल्यावर बायकोला पाय चेपायला लावतोच. हे सगळं मी सांगितलं. भावंडानं मान डोलवली, जशी लेक्चरला डोलवतात.

मग त्यानं तेच आजीला विचारलं. ओट्यावर, संध्याकाळी, मी आत चहा गाळत होते. आजीनं लगेच उत्तर दिलं नाही. नंतर म्हणाली, "नामदेवाच्या पायरीपाशी कोन हाय, म्हाईतंय ना?"

"चोखोबा."

"आत कुठं हाय तो? भायेरच हाय. इठोबाला चोखोबा चालत व्हता. बडव्यांना नव्हता चालत."

हे मी इतक्या वर्षांत असं ऐकलं नव्हतं. पंढरपूरचं देऊळ अस्पृश्य मानलेल्यांना उघडलं ते १९४७ मध्ये, साने गुरुजींनी मे महिन्यात दहा दिवस उपास केल्यावर. चोखोबा चौदाव्या शतकातला. मधली सहाशे वर्षं अभंग कीर्तनात गायले गेले आणि माणसं दाराबाहेर राहिली. आजीनं दोन्ही गोष्टी एका दमात सांगितल्या. दिलासा दिला, आणि बडवे आहेत हेही लपवलं नाही. बडव्यांचं काय करायचं, ते तिनं सांगितलं नाही; आमच्या घरातला सर्वांत मोठा बडवा तिचाच मुलगा आहे.

चहा घेऊन मी बाहेर आले तेव्हा दोघं भातसेकडे बघत बसली होती. पावसाळ्यात याच नदीवर मुंबईची पोरं मजा करायला येतात आणि दर वर्षी एखाददुसरं वाहून जातं. आजी त्या प्रत्येकाची आठवण काढते, नावं माहीत नसतानाही.

काका अजून भावंडाशी बोलत नाहीत. त्याच्या ताटात भाजी कमी दिसली की काकूला खुणेनं सांगतात, तेवढंच. समुपदेशक बाईंकडे पंधरा दिवसांतून एकदा जाणं चालू आहे. दोन वेळा काकू आली, बाहेरच बसली, पण आली. नवीन नाव भावंडानं ठरवलंय, मला अजून सांगितलेलं नाही, आणि मी विचारत नाही.

परवा आजीचा फोन आला. ठाण्याच्या बाजारात तुळशीची बारीक मण्यांची माळ मिळते का, बघून ये. खडवलीत मोठ्या मण्यांचीच आहे, आणि पोराची मान नाजूक आहे.